हशमतजंगाच्या मुलांचें चित्र

जुन्या तसबिरी जमविणाऱ्यांच्या व तपासणाऱ्यांच्या दृष्टीला मुलांचीं चित्रें सहसा मोलाचीं वाटत नाहींत. राजे, मुत्सद्दी, सरदार, साधुसंत यांची तसबीर हातीं आली म्हणजे ती कोणाची, कोणीं काढविली, कोणत्या सालीं काढविली, याचा कसून शोध होतो. मुलाची तसबीर असली तर ‘कोणी एक बालक’ एवढ्यावर काम भागतें. याचें एक कारण उघड आहे. मुलानें लढाई मारलेली नसते, तह केलेला नसतो, सनद दिलेली नसते. तेव्हां त्याच्या चेहऱ्यापासून इतिहासाला काय मिळणार, असें वाटणें साहजिक आहे. दुसरें कारण याहून सूक्ष्म आहे. मुलाच्या चित्रांत पाहणाऱ्यास प्रथम जें दिसतें तें वस्त्र किंवा हत्यार नव्हे, तर मुद्रा. हसरी, रुसलेली, भ्यालेली, खिन्न. आणि मुद्रेला पुराव्याच्या कोटींत घालावें कीं नाहीं, याविषयीं संशोधकाच्या मनांत रास्त भीति असते. कागदावरची तिथि पडताळून पाहतां येते. रंगविलेल्या डोळ्यांतलें दुःख कशाशीं पडताळावें?

हा प्रश्न निव्वळ रसिकतेचा नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या वाड्यांत आम्हांस दोन मुलांचें एक तैलचित्र पाहावयास मिळालें. चौकट नवी होती. ती बसवितांना मागची जुनी फळी व तिच्यावर डकविलेला मोडी मजकुराचा कागद काढून टाकला, असें घरच्या मंडळींनीं सहज सांगितलें. मुलें कोणाचीं, हें सांगणारें घरांत कोणी उरलें नव्हतें. धाकट्याच्या मुद्रेवर इतकी उदासी होती कीं, आमच्याबरोबरच्या गृहस्थांनीं तेथल्या तेथें त्याच्या आईच्या मृत्यूची एक कथा रचून सांगितली. आणि खरें बोलावयाचें तर आम्हांसहि ती पटावीशी वाटली. ती पटते ती चित्राच्या बळावर कीं आपल्या मनाच्या ओढीमुळें, हें तेव्हां आम्हांस सांगतां आलें नाहीं. म्हणून ज्याचे कागद शिल्लक राहिले आहेत, असें मुलांचें एखादें चित्र घेऊन मुद्रेचा पुरावा कितपत टिकतो हें तपासावें, असें तेव्हांपासून मनांत होतें. प्रस्तुत लेखांत तो प्रयत्न केला आहे.

हें चित्र जॉर्ज चिनरी या इंग्रज चित्रकारानें १८०५ सालीं मद्रासेंत काढलें. त्यांत एक मुलगा व एक मुलगी आहे. मुलाचें घरचें नांव साहिब आलम, मुलीचें साहिब बेगम. बाप हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक. निजामाच्या दरबारीं त्यास हशमतजंग असा किताब होता. आई खैरुन्निसा बेगम. मूळ चित्र हाँगकाँगच्या एका मोठ्या बँकेच्या संग्रहीं आहे. आम्हीं जें पाहिलें तें छापील प्रतींवरून, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. कारण प्रकाशाविषयीं बोलावयाचें असतां छापखान्याच्या शाईवर फार विसंबतां येत नाहीं. एकाहून अधिक प्रती समोर ठेवून सर्वांत जें सारखें दिसलें, तेवढेंच पुढें घेतलें आहे.

हैदराबादचा दरबार आमच्या वाचकांस गोविंदराव काळे यांच्या पत्रांवरून चांगला परिचित आहे. खर्ड्याच्या लढाईच्या वेळीं, म्हणजे १७९५ सालीं, निजामाकडे इंग्रजांचा रेसिडेंट विल्यम कर्कपॅट्रिक होता. जेम्स हा त्याचा धाकटा भाऊ. १७९८ पासून १८०५ पर्यंत ती जागा त्याच्याकडे होती. १७९८ च्या तहानें निजामाच्या पदरचीं फ्रेंच अंमलदारांचीं पलटणें मोडलीं गेलीं, तें काम याच्याच हातून झालें. खैरुन्निसा ही बाकर अली खान यांची नात, मीर आलम यांच्या आप्तवर्गांतली. रेसिडेंटानें अशा घरंदाज सय्यद कुटुंबांतील मुलीशीं मुसलमानी रीतीनें लग्न करावें, हें कलकत्त्यास रुचलें नाहीं. गव्हर्नर जनरल वेलस्ली यानें चौकशी केली. पण कर्कपॅट्रिकची नोकरी राहिली. मुलगा ४ मार्च १८०१ रोजीं व मुलगी ९ एप्रिल १८०२ रोजीं जन्मली. मुलाचें पूर्ण नांव मीर गुलाम अली, मुलीचें नूरुन्निसा.

हीं मुलें साडेचार व साडेतीन वर्षांचीं होतात न होतात तोंच त्यांस विलायतेस पाठविण्यांत आलें. बापाची माया कमी होती असें नव्हे. ज्याचे आईबाप दोघेहि युरोपीय नाहींत त्यास कंपनीच्या मुलकी व लष्करी नोकरींत घेऊं नये, असे निर्बंध १७९१ पासून झाले होते. देशी स्त्रीच्या पोटच्या मुलांना या देशांत वाट उरली नव्हती. विलायतेंत लहानपणापासून वाढलीं तर तेथें कांहीं मार्ग निघेल, अशी त्या वेळच्या पुष्कळ इंग्रज बापांची समजूत होती. आईचें मत काय होतें तें पुढें दिसेलच. मुलें हैदराबादेहून मद्रासेस आलीं आणि सप्टेंबर १८०५ मध्यें तेथून जहाजानें गेलीं. बरोबर रेसिडेन्सीचे डॉक्टर युर यांची पत्नी होती. मधल्या मुक्कामांत चिनरीनें त्यांस समोर उभें केलें. म्हणजे चित्रकारापुढें मुलें उभीं राहिलीं त्या वेळीं आईचा निरोप मागें पडला होता आणि समुद्र पुढें होता. हा अनुक्रम लक्षांत ठेवावा. आमच्या विवेचनांत त्याचें महत्त्व आहे.

आतां चित्राकडे वळूं. दोन्ही मुलें हैदराबादी दरबारी पोशाखांत आहेत. मुलाच्या अंगावर किरमिजी जामा, त्याला जरीची किनार, कमरेस जरीचा पट्टा, डोक्यास जरीची टोपी, पायांत टोंक वळलेले जोडे आणि गळ्यांत टपोऱ्या मोत्यांच्या माळा. मुलगी त्याच्याजवळ उभी आहे. ती भावाहून गोरी आहे आणि टोपीखालून तिच्या तांबूस केसांची कड दिसते. मागची जागा गडद ठेविली आहे. त्या गडद जागेंतून दोन चेहरे, मोतीं आणि जर एवढेंच काय तें उजळून पुढें येतें. साहिब आलम सरळ पाहणाऱ्याकडे पाहतो. त्याच्या नजरेंत संकोच नाहीं. चार वर्षांच्या मुलाला न शोभण्याइतका, म्हणजे दरबारी मुलाला शोभण्याइतका, धीटपणा तींत आहे. साहिब बेगमची दृष्टि खालीं आहे. पापण्या जड आहेत, डोळ्यांभोंवतीं छाया आहे, आणि तीं रडून सुजलीं आहेत असें पाहणाऱ्यांपैकीं बहुतेकांस वाटत आलें आहे.

वेशाविषयीं थोडें. हा वेश अस्सल आहे, चित्रकाराच्या पेटींतला नव्हे. विलायतेंत पौर्वात्य वेश घालून तसबीर काढविण्याची हौस त्या शतकांत पुष्कळांस होती, तसा हा प्रकार नाहीं. हीं मुलें ज्या घरांत वाढलीं तेथें तीं अशींच नटविलीं जात असत. आणि हा वेश त्यांच्या अंगावर चित्रांत दिसतो तो जवळजवळ शेवटचाच. मार्च १८०६ मध्यें लंडनमध्यें त्यांचा बाप्तिस्मा झाला. साहिब आलम विल्यम जॉर्ज झाला, साहिब बेगम कॅथरीन अरोरा झाली. जुनीं नांवें कागदांत राहिलीं. १९ व्या शतकाच्या आरंभींच्या हैदराबादी मुलांच्या पोशाखाचें साधन म्हणून या चित्राची किंमत निःसंशय आहे, आणि येथपर्यंत कोणाहि संशोधकास अडचण पडणार नाहीं. अडचण चेहऱ्यापाशीं सुरू होते.

आमच्याकडील तसबिरींची रीत वेगळी होती. दखनी कलमांत काय किंवा राजस्थानी कलमांत काय, चेहरा बहुधा एकचश्मी, म्हणजे एका बाजूनें दिसणारा. प्रकाश कोठून एका खिडकींतून येत नाहीं. तो चित्रभर सारखा असतो, जणूं वस्तूंच्या अंगचाच आहे. जहांगीरच्या काळापासून फिरंगी चित्रें पाहून मोगल चितारी गालावर व वस्त्राच्या चुण्यांवर थोडी छाया देऊं लागले, तरी चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारांत सोडावा हें त्यांस कधीं मानवलें नाहीं. त्या रीतींत मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस. राजपुत्राच्या हातांत फूल किंवा बाज, कमरेला कट्यार, मुद्रा स्थिर. त्या मुद्रेवरून मुलाच्या त्या दिवसाच्या मनाचा अंदाज बांधणें व्यर्थ, कारण तो दाखविण्याचा चिताऱ्याचा उद्देशच नव्हता. त्यास पद दाखवावयाचें होतें, आणि तें तो उत्तम दाखवी. फिरंगी तैलचित्राची गोष्ट निराळी. तेथें प्रकाश एका दिशेनें येतो. कशावर तो पडावा आणि काय अंधारांत राहावें हें चित्रकार ठरवितो. आणि या निवडींतूनच मुद्रा घडते. तोच ओंठ, तोच डोळा. वरची छाया बोटभर सरकली तर हंसू लोपतें. म्हणून फिरंगी चित्रांतील मुद्रेंत दोन मनें मिसळलेलीं असतात, एक बसणाऱ्याचें व एक काढणाऱ्याचें.

(येथें एक खंत नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. या प्रकारची कला पुण्यास आली ती जेम्स वेल्सबरोबर, १७९२ सालीं. त्यानें काढलेलें सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपाशीं आहे. पण श्रीमंत तेव्हां अठरा वर्षांचे होते. जन्मानंतर अवघ्या चाळीस दिवसांनीं ज्यास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं त्या मुलाचें बाळपण आम्हांस पत्रांतून व बखरींतून ठाऊक आहे. तें प्रकाशछायेनें घडविलेल्या चेहऱ्यांत आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं.)

आतां साहिब बेगमच्या मुद्रेवर जो विश्वास ठेविला जातो त्याविरुद्ध काय काय म्हणतां येईल तें पाहूं. प्रतिपक्षाची बाजू आधीं मांडणें बरें. पहिली गोष्ट, खालीं घातलेली दृष्टि ही मर्यादेची खूण असूं शकेल. पडद्याच्या घरांतली मुलगी परपुरुषाकडे डोळा उचलून पाहत नाहीं, हें चित्रकारास कोणीं सांगितलें असेल किंवा तो स्वतः समजून चालला असेल. दुसरी, साडेतीन वर्षांचें मूल जरीचा पोशाख घालून मद्रासेच्या उकाड्यांत तास तास उभें केलें तर त्याला झोंप येईल किंवा तें चिडेल. जड पापणीला विरहाचें कारण शोधण्याची गरज नाहीं. तिसरी, चिनरीला गडद छायेची मुळांतच आवड होती. त्याच्या मोठ्या माणसांच्या चित्रांतहि डोळ्यांभोंवतीं अंधार सांपडतो. चौथी आणि सर्वांत वजनदार गोष्ट ही कीं, आपणांस पुढचा वृत्तांत ठाऊक आहे. मुलें गेल्यावर महिनाभरांतच, १५ ऑक्टोबर १८०५ रोजीं, बाप कलकत्त्यास मरण पावला. आई १८१३ त गेली. मुलांची तिची पुन्हा भेट झाली नाहीं. हें सारें मनांत घेऊन चित्रापुढें उभें राहणाऱ्यास चित्रांत दुःख दिसेल नाहीं तर काय!

या शेवटच्या आक्षेपाची कसोटी पाहण्यास दुसऱ्या एका मुलीचें चित्र उपयोगी पडतें. तें टॉमस लॉरेन्सनें १७९४ सालीं लंडनमध्यें काढलें व ‘पिंकी’ या लाडक्या नांवानें प्रसिद्ध आहे. मुलगी सारा बॅरेट मोल्टन, अकरा वर्षांची. जमैका बेटांत जन्मलेली आणि शिक्षणासाठीं विलायतेस पाठविलेली. मागें राहिलेल्या आजीला नातीवांचून करमेना. तिनें पत्र लिहून मुलीची तसबीर मागविली, म्हणून हें चित्र झालें. प्रसंग आमच्या प्रसंगासारखाच आहे: समुद्रापलीकडे पाठविलेलें मूल, मागें राहिलेली बाईमाणूस, आणि मधें एक चित्र. चित्र पुरें झाल्यावर वर्ष लोटतें न लोटतें तों, एप्रिल १७९५ मध्यें, पिंकी वारली. इतकें ठाऊक असूनहि त्या चित्रांत कोणाला शोक दिसत नाहीं. मोकळें आकाश, वाऱ्यानें उडणाऱ्या टोपीच्या फिती, चेहऱ्यावर भरपूर उजेड, नजर सरळ व टवटवीत. म्हणजे पुढचा वृत्तांत ठाऊक असला कीं दुःख आपोआप दिसूं लागतें, हें खरें नाहीं. चित्रांत कांहीं असावें लागतें. आणि चिनरीच्या याच चित्रांत त्याचा दुसरा पुरावा शेजारींच उभा आहे. साहिब आलमचेंहि पुढें बरें झालें नाहीं. लहानपणींच उकळत्या पाण्याच्या अपघातानें त्याचा हात कापावा लागला आणि १८२८ मध्यें, तिशी गांठण्यापूर्वींच, तो मरण पावला. बहिणीपेक्षां त्याचें दैव कठोर. तरी त्याच्या चेहऱ्यावर कोणी त्या दुर्दैवाची छाया पाहत नाहीं, कारण चित्रकारानें ती घातलेली नाहीं.

तथापि चित्रकार मुद्रा घालतो, एवढ्यानें ती खरी ठरत नाहीं. कोणाच्या तरी सोईनें घातलेली मुद्राहि असते, आणि तिचें मोठें उदाहरण आमच्याच इतिहासांत आहे. श्रीरंगपट्टणच्या पहिल्या वेढ्यानंतर टिपूचे दोन मुलगे, अब्दुल खालिक व मुइजुद्दीन, ओलीस म्हणून २६ फेब्रुवारी १७९२ रोजीं लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या छावणींत आले. थोरला सुमारें दहा वर्षांचा, धाकटा आठांचा. त्या मोहिमेंत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा होत्या, आणि तहाच्या तीन कोटि तीस लक्षांत व तुटलेल्या मुलखांत पेशव्यांचाहि वांटा होता. तेव्हां ही हकीकत आमच्या वाचकांस नवी नाहीं. या प्रसंगाचीं चित्रें विलायतेंत इतकीं झालीं कीं त्यांची मोजदाद करणें कठीण. रॉबर्ट होम हा चित्रकार त्या मोहिमेंत सैन्याबरोबर होता. मॅथर ब्राउननें हिंदुस्थान जन्मांत पाहिला नाहीं, तरी त्याचींहि चित्रें गाजलीं. मुलांचा हात धरणारा वत्सल कॉर्नवॉलिस हा या सर्वांचा समान विषय. मोहिमेंतल्या मेजर डिरॉमनें १७९३ त जो वृत्तांत छापला त्यांत दोघां भावांच्या चेहऱ्यांतला फरक नोंदला आहे: थोरला सांवळा व विचारांत बुडालेला, धाकटा गोरा, मोठ्या डोळ्यांचा व चपळ. चित्रांत मात्र पाहणाऱ्यानें त्या मुलांकडून एकाच गोष्टीची अपेक्षा करावयाची, ती विश्वासाची. ओलीस मूल भ्यालेलें दाखविलें तर कॉर्नवॉलिसची वत्सलता खोटी पडते. अशा चित्रांतील मुलाची मुद्रा ही राजपत्रांतल्या मायन्यासारखी असते. तिच्यावरून मजकुराचा अर्थ काढूं नये.

तर मग कसोटी कोणती? आम्हांस असें वाटतें कीं कागदांच्या बाबतींत आपण जी कसोटी लावतों तीच येथें लावावी. बखरकार आपल्या धन्याचा जय वर्णितो तेव्हां आपण सावध राहतों. तोच बखरकार धन्याचा पराभव किंवा अवगुण कबूल करतो तेव्हां त्याचें म्हणणें अधिक ग्राह्य धरतों, कारण तें लिहिण्यांत त्याचा लाभ नव्हता. चित्रकाराचा लाभ कशांत असतो? पैसे देणारा संतुष्ट होण्यांत. मुलाची तसबीर काढविणारे आईबाप गोंडस व प्रसन्न मूल मागतात. त्या काळच्या विलायती फॅशनला तर मुलांच्या चित्रांत गुलाबी गाल, बागेंतला उजेड व निष्पाप हास्य यांवांचून दुसरें माहीत नव्हतें. रेनॉल्ड्झनें घालून दिलेली ती वाट होती आणि चिनरी लंडनच्या रॉयल अकॅडमींत शिकलेला, त्याच वाटेनें आलेला. नुकताच १८०२ च्या अखेरीस मद्रासेस उतरलेला, गिऱ्हाइकें मिळविण्याच्या धडपडींत असलेला असा हा चित्रकार. त्याच्यापुढें हैदराबादच्या रेसिडेंटाचें काम. साहिब बेगमच्या ओंठांवर थोडा उजेड टाकून, पापणी किंचित् उचलून, तिला हंसरी करणें हा त्याच्या हातचा मळ होता. भावाला त्यानें तसें केलेंच आहे. बहिणीच्या बाबतींत त्यानें आपला लाभ सोडला. मर्यादेची खूण म्हणून नजर खालीं घातली असेल तर डोळ्यांभोंवतींची छाया घालण्याचें कारण उरत नाहीं. छाया त्याच्या आवडीची म्हणून घातली असेल तर ती भावाच्या डोळ्यांनाहि तितकीच पाहिजे होती, ती तशी नाहीं. झोंप व उकाडा यांचें कारण मात्र आम्हांस पुरतें खोडतां येत नाहीं. मूल रडून थकलें तरी झोंप येतेच.

चिनरीच्या स्वतःच्या आयुष्यांतली एक गोष्ट येथें फार मोहांत पाडणारी आहे. डब्लिनला असतांना त्याचें लग्न झालें. मुलगी मॅटिल्डा १८०० त व मुलगा जॉन १८०१ त जन्मला. आणि १८०२ त बायको व दोन्ही मुलें मागें ठेवून तो या देशीं आला. साहिब आलम व साहिब बेगम त्याच्यापुढें उभीं राहिलीं तेव्हां त्याचीं स्वतःचीं मुलें साधारण त्याच वयाचीं होतीं व त्यानें तीन वर्षें पाहिलीं नव्हतीं. यावरून कोणी म्हणेल कीं चित्रांतलें दुःख मुलीचें नसून बापाचें, म्हणजे चित्रकाराचें आहे. आम्हांस हें अनुमान सुंदर वाटतें, पण तें स्वीकारण्यास आधार नाहीं. पुढें वर्षानुवर्षें त्यानें कुटुंबास बोलावून घेण्याची घाई केलेली दिसत नाहीं. मुलगी १८१७ त आली, बायको त्यानंतर. आणि अखेर कर्जाच्या व, लोक म्हणत, बायकोच्याहि भीतीनें तो १८२५ त मकावला निघून गेला. विरही बापाची भूमिका त्यास चांगली बसत नाहीं.

आतां कागद. साहिब बेगम, जी विलायतेंत किटी कर्कपॅट्रिक म्हणून ओळखली गेली, तिनें १८४१ पासून हैदराबादेंतील आपली आजी शरफुन्निसा हिच्याशीं पत्रव्यवहार केला. छत्तीस वर्षें दोन्ही बाजूंनीं मौन होतें. मुलांनीं आईला लिहूं नये अशीच विलायतेंतील वडिलांची व्यवस्था होती. आजीचीं पत्रें फारशींत, नातीचीं इंग्रजींत, मधें भाषांतर करून सांगणारा. या पत्रांत किटी लिहिते कीं, निरोपाच्या वेळचा आईचा आक्रोश तिला आठवतो. आई ज्या जागीं बसली होती ती जागा, आणि तिनें आपले लांब केस कसे उपटले, हें तिला अजून डोळ्यांपुढें दिसतें. साडेतीन वर्षांच्या मुलीची आठवण छत्तीस वर्षांनीं लिहिलेली, म्हणून तिच्यावर किती भार ठेवावा असा प्रश्न येईल. पण एक गोष्ट पाहावी. आठवणीची आठवण चित्रावरून झाली, अशी शंका घेतां येत नाहीं; कारण चित्रांत आई नाहीं, ती जागा नाहीं, मोकळे केस नाहींत. चित्रांत जें आहे त्याचा आठवणींत पत्ता नाहीं आणि आठवणींत जें आहे तें चित्रांत नाहीं. दोन साक्षीदार एकमेकांचें ऐकून बोलत नाहींत, आणि दोघांची साक्ष एकाच प्रसंगाकडे बोट दाखविते. आमच्या मतें साहिब बेगमच्या मुद्रेला पुराव्याचा दर्जा मिळतो तो येथें. चित्राच्या एकट्याच्या बळावर तो मिळाला नसता.

मुद्रेवरून स्वभाव ठरविणें मात्र साफ चूक होय, आणि तेंहि याच मुलीच्या चरित्रावरून सिद्ध होतें. १८२४ त टॉमस कार्लाइल तिला भेटला. त्याच्या एका प्रसिद्ध ग्रंथांतील नायिका हिच्यावरून घेतली, असा पुष्कळांचा समज आहे. त्यानें तिचें जें वर्णन मागें ठेविलें तें तांबूस केसांच्या, सौम्य व आनंदी स्वभावाच्या तरुणीचें आहे. चित्रांतली खिन्नता ही स्वभावाची नव्हे. १८०५ सालच्या त्या कांहीं दिवसांची आहे.

अशींच मिश्र कुटुंबांतील मुलें दुसऱ्या एका चित्रांत आहेत, आणि त्याचा पुण्याशीं संबंध आहे म्हणून उल्लेख करतों. १७९८ ते १८०१ पुण्यास रेसिडेंट असलेला विल्यम पामर, त्याची बेगम फैज बख्श व त्यांचीं मुलें यांचें लखनौस १७८५ च्या सुमारास काढलेलें चित्र ब्रिटिश लायब्ररींत आहे. तें अपुरें राहिलें. काढणारा झोफनी कीं रेनाल्डी याविषयीं वाद झाला आहे. तेथें आई जमिनीवर बसली आहे, तान्हें मांडीवर आहे, बाप शेजारीं आहे, आणि मुलांच्या चेहऱ्यांवर पाहण्याजोगा निवांतपणा आहे. ज्याला घर सोडावें लागलेलें नाहीं अशा मुलाची मुद्रा कशी असते, हें चिनरीच्या चित्राशेजारीं तें ठेवलें म्हणजे ध्यानांत येतें. हीच फैज बख्श पुढें विधवा खैरुन्निसेची कलकत्त्यास मोठी आधार झाली.

चिनरीचें चित्र मुलांबरोबर विलायतेस गेलें नाहीं. तें मागें राहिलेल्यांसाठीं होतें. खैरुन्निसेच्या मृत्यूनंतर तें हेन्‍री रसेल याच्या हातीं आलें. हा रसेल कर्कपॅट्रिकचा मदतनीस, पुढें १८११ पासून १८२० पर्यंत स्वतः हैदराबादचा रेसिडेंट. त्या विधवेशीं त्याचें वर्तन कसें होतें हें प्रसिद्ध आहे, व तें त्यास भूषणावह नाहीं. निवृत्त होऊन तो बर्कशायरमध्यें स्वालोफील्ड येथें राहिला, आणि चित्र त्याच्या भिंतीवर लागलें. किटी एकदां त्या घरीं गेली असतां अकस्मात् तिच्या दृष्टीस आपलेंच बाळरूप पडलें व तिला रडें आवरेना, असें रसेलच्या घराण्यांतील वृत्तांतांत नमूद आहे. १८५२ त रसेल वारला. त्याच्या मृत्युपत्रान्वयें तें चित्र तिच्याकडे आलें. त्याच वर्षीं चिनरीहि मकाव येथें मरण पावला. किटी १८८९ पर्यंत जगली.

एक धागा अजून लोंबकळत आहे. मुलांच्या प्रयाणाची हकीकत आतांपर्यंत इंग्रजी कागदांवरून व त्या पत्रव्यवहारावरून सांगितली गेली. परंतु रेसिडेंटाच्या हवेलींतून दोन मुलें लवाजम्यानिशीं मद्रासेच्या रस्त्यास लागलीं, ही गोष्ट हैदराबादेंतील मराठी व फारशी अखबारनविसांच्या नजरेंतून सुटण्याजोगी नव्हती. ज्यांच्या संग्रहीं इ. स. १८०५ च्या, म्हणजे शके १७२७ च्या, ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंतचीं हैदराबादेकडील बातमीपत्रें असतील त्यांनीं त्यांत हशमतजंगाचें नांव कोठें येतें काय तें कृपा करून पाहावें, आणि आढळल्यास मूळ मोडीच्या नकलेसह मंडळाकडे कळवावें. प्रयाणाचा दिवस मुक्रर झाला तर मुलें मद्रासेंत किती दिवस होतीं व चिनरीपुढें कितीदां उभीं राहूं शकलीं, याचा हिशेब लागेल.